१५६ पोस्ट की बारा जिन्नस? डिचोलीतल्या एका शिक्षिकेच्या वार्षिक ध्येयांचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकीकत गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेची आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. शाळेत त्यांना सगळे 'बाई' म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, सहकारी बँकेतून निवृत्त झालेली. त्या मला ताई म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीला एकमेकींची ध्येयं ऐकायची आणि मधूनमधून 'कुठवर आलं?' असं विचारायचं, हा आमचा दोघींचा जुना रिवाज.

बाई हाइव्हवर लिहितात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०१६ च्या मार्चमध्ये स्टीम नावाची ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपली जाणारी, मागची नोंद खोडता न येणारी वही, सुरू झाली. लिहिणाऱ्याला आणि चांगलं लेखन हुडकून त्याला मत देणाऱ्याला, दोघांनाही टोकनच्या, म्हणजे तिथल्या डिजिटल चलनाच्या, रूपात मोबदला, अशी तिची रचना होती. २०२० च्या सुरुवातीला तिच्यामागची कंपनी विकली गेली, ताबा कोणाचा यावरून वाद पेटला आणि २० मार्च २०२० ला बरीच मंडळी वेगळी होऊन हाइव्ह ही स्वतंत्र साखळी चालू झाली. हिला मालक कंपनी नाही. वापरणाऱ्यांनी मतं देऊन निवडलेले 'विटनेस' दर तीन सेकंदांनी एक ब्लॉक, म्हणजे नोंदींचा एक गठ्ठा, जोडत राहतात आणि तुमचा मजकूर त्यात जाऊन बसतो. पोस्टवर सात दिवस मतं पडतात, मग हिशेब होतो. निम्मा मोबदला लेखकाचा, निम्मा मत देणाऱ्यांचा. मताचं वजन मात्र सगळ्यांचं सारखं नसतं. ज्याच्याकडे जितकी 'हाइव्ह पॉवर', म्हणजे अडकवून ठेवलेलं टोकन, तितकं त्याचं मत जड.

बाई तिथे गेल्या त्या पैशासाठी नव्हे. त्यांचा आधीचा ब्लॉग ज्या सेवेवर होता ती एके दिवशी बंद पडली आणि चार वर्षांचं लेखन गेलं. शाळेतल्या आठवणी, आजीच्या ओव्या, सगळं. 'लिहिलेलं पुसलं जात नाही' हे एकच वाक्य ऐकून त्यांनी हाइव्हवर खातं काढलं. मलाही ते फार भावलं होतं. बँकेत एकतीस वर्षं मी लेजर लिहिली. तिथे चुकीची नोंद खोडायची नसते, उलट नोंद करून दुरुस्त करायची असते. ही साखळी मला त्याच शिस्तीची वाटली. पुढे याच गुणाने आम्हाला पेचात टाकलं, ते ओघात येईलच.

बाईंचा जिव्हाळ्याचा विषय माटोळी. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर, चवथीला गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगतात आणि जिला नारळ, सुपारीचं शिपटं, निरफणस, चिबूड, काकडी यांच्याबरोबर रानातली फळं, वेली, पानं बांधतात, ती माटोळी. बाजारातली फळं कोणीही आणतं. पण कांगलांचे पिवळे घोस, कवंडळाची लालभडक फळं, शेरवडाची पांढरी पानं ही रानात फिरणाऱ्या माणसाकडूनच येतात. ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. कुठली वेल कुठल्या महिन्यात धरते, काय खायचं, काय नुसतं टांगायचं आणि काय मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही, हे त्यांच्या तोंडी आहे, कागदावर नाही. ते उतरवून ठेवावं असं बाईंना मनापासून वाटत होतं.

जानेवारीतली यादी

१ जानेवारी २०२३ ला बाईंनी वर्षाची ध्येयं जाहीर केली. हाइव्हवर तशी पद्धतच आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शेकडो लोक आपल्या याद्या लिहितात आणि डिसेंबरात त्याच यादीखाली हिशेब मांडतात.

यादीत पाच गोष्टी होत्या. आठवड्याला तीन पोस्ट, म्हणजे वर्षाला १५६. हाइव्ह पॉवर ११८ वरून वाढवून 'मिनो' व्हायचं. दररोज दहा मतं द्यायची. दर महिन्याच्या १ तारखेच्या 'पॉवर अप डे'ला, म्हणजे टोकन पॉवरमध्ये अडकवायच्या दिवशी, भाग घ्यायचा. आणि सर्वांत खाली, 'ऑगस्टपर्यंत माटोळीवर काहीतरी मोठं'.

हाइव्हवर खात्यांची उतरंड माशांच्या नावाने आहे: रेडफिश, मिनो, डॉल्फिन, ऑर्का, व्हेल. मिनो व्हायला दहा लाख 'व्हेस्ट' (पॉवर मोजायचं तिथलं आतलं एकक) लागतात, त्या वेळच्या हिशेबाने साडेपाचशेच्या वर हाइव्ह पॉवर. आम्ही ५६० धरली.

ही यादी पाहून मीच म्हटलं होतं, "छान आहे, आकडे आहेत त्यामुळे मोजता येईल." आज ती यादी पुन्हा वाचताना दिसतं ते असं: चार ध्येयांना आकडा होता आणि पाचव्याला नव्हता. ज्या कामासाठी बाईंनी खातं काढलं, नेमकं तेच 'काहीतरी मोठं' या दोन शब्दांत उरकलं होतं. हे माझ्या त्या वेळी लक्षात यायला हवं होतं. मी आकड्यांची माणूस, मला आकडे दिसले.

अडचण

फेब्रुवारीच्या एका सकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. साडेसहाची वेळ. गॅसवर मुलाच्या डब्याची भाजी, ओट्यावर पोह्यांची परात आणि मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला मोबाइल. बाई डाव्या हाताने भाजी हलवत होत्या आणि उजव्या अंगठ्याने मतं देत होत्या. एक पोस्ट, मत, पुढची पोस्ट, मत. मी विचारलं, "वाचता कधी?" त्या म्हणाल्या, "रात्री वाचते ताई, जमलं तर. आता नाही दिलं तर फुकट जातं."

'फुकट जातं' यामागे खरोखरचं गणित आहे. पूर्ण वजनाचं एक मत दिलं की मत देण्याची ताकद दोन टक्क्यांनी उतरते आणि दिवसभरात ती वीस टक्क्यांनी भरून येते. म्हणून दिवसाला दहा मतं. ती शंभर टक्क्यांवर पोचली की पुढे भरत नाही. भरलेल्या पिंपात नळ चालू ठेवल्यासारखं पाणी वाहून जातंय असं माणसाला वाटत राहतं. ११८ पॉवरच्या खात्याचं एक मत सेंटच्या किती बारीक अंशाचं असतं हे बाईंना ठाऊक होतं, तरी ते वाहणारं पाणी त्यांना बघवत नव्हतं.

पोस्टचंही तेच झालं. आठवड्याला तीनचा आकडा भरायला त्या शाळेच्या मैदानाचा फोटो, जेवणाच्या ताटाचा फोटो, चार इंग्रजी ओळी असं टाकू लागल्या. इंग्रजी अशासाठी की मराठी पोस्ट वाचून मत देणारे मोजकेच. ज्या पोस्टचा हिशेब दोन सेंटांच्या आत येतो तिला काहीच मिळत नाही, आणि बाईंच्या मराठी पोस्ट बऱ्याचदा त्या रेषेखाली राहत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात म्हादई अभयारण्यात आगी लागल्या. सत्तरी तालुक्यातल्या डोंगरांवर कित्येक दिवस वणवा धुमसत होता, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. बाईंचं माहेर वाळपईकडे. त्या रात्री त्यांनी एका बैठकीत मोठा मराठी लेख लिहिला. आग कुठवर आली, कुठल्या उतारावर काय होतं, लहानपणी वडिलांबरोबर तिथे काय गोळा केलं. मला वाचून दाखवताना त्यांचा आवाज भरून आला होता. वर्षातलं त्यांचं ते सर्वांत चांगलं लेखन. आणि त्यांनी त्याचे तीन तुकडे केले. सोमवारी एक, बुधवारी एक, शुक्रवारी एक, कारण त्या आठवड्याच्या तीन पोस्ट व्हायच्या होत्या.

दुसरा तुकडा जिथे सुरू होतो ते वाक्य 'म्हणून' या शब्दाने सुरू होतं. ज्याने पहिला तुकडा वाचला नाही त्याला त्याचा पत्ताच लागत नाही. ते वाचलं आणि मला कळलं, यादी आता बाईंच्या हातात राहिली नव्हती.

पाडव्याच्या आधी आम्ही हिशेब मांडला. अकरा आठवड्यांत ३३ पोस्ट व्हायला हव्यात, झाल्या होत्या ३१. पॉवर ११८ वरून १४६. मिनो व्हायला महिन्याला ३७ च्या आसपास वाढ हवी, होत होती दहा-अकराने. माटोळीवर एक ओळही नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा: टोकन विकत घ्यायचं. चारशेच्या वर हाइव्ह (टोकनचंही नाव तेच) लागलं असतं, त्या वेळच्या भावाने दहा-पंधरा हजार रुपयांच्या घरात. बाईंना ते जड नव्हतं, आणि त्यांच्या मनातही होतं. मी दोन गोष्टी कागदावर मांडल्या. एक, पॉवर अप केलेलं टोकन परत मोकळं करायचं तर तेरा आठवडे लागतात, दर आठवड्याला एक हप्ता. अडीनडीला उपयोग नाही. दुसरी कराची. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर. खरेदीची किंमत सोडली तर दुसरा कसलाच खर्च वजा होत नाही आणि एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळताही होत नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर एक टक्का टीडीएस. भावाचं म्हणाल तर, २०२१ च्या नोव्हेंबरअखेर तीन डॉलरवर गेलेलं हाइव्ह २०२२ संपताना तीस सेंटांच्या आसपास होतं. बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "पण ताई, मिनो झाले तर माझ्या मताने कोणाला तरी चार पैसे मिळतील." हे म्हणणं खोटं नव्हतं. मराठीत लिहिणाऱ्या नव्या माणसाला हाइव्हवर जड मत देणारं कोणी नसतं, ही अडचण खरीच आहे. म्हणून मी हा पर्याय तिथल्या तिथे मोडीत काढला नाही.

दुसरा पर्याय: पूर्णपणे इंग्रजीत जायचं, सहलीचे आणि खाण्याचे विषय घ्यायचे. गोवा म्हटलं की समुद्र आणि मासे यांना वाचक मिळतो. बाईंनी हा पर्याय आपणच नाकारला. त्यांचं वाक्य मी वहीत टिपून ठेवलंय: "ते लिहायला गोव्यात पुष्कळ जण आहेत."

तिसरा: यादी आहे तशी ठेवून जोर लावायचा. शाळा, घर आणि उन्हाळ्यात मुलाची दहावीची तयारी. कुठून जोर लावणार?

चौथा: यादी मोडून नवी करायची, आणि ती मोडली हेही तिथेच जाहीर लिहायचं. याच पर्यायाला बाईंचा सर्वांत जास्त विरोध होता. जानेवारीतली पोस्ट साखळीवर आहे, ती कायम राहणार, आणि तिच्याखाली मार्चमध्येच 'जमलं नाही' असं लिहायचं? "मुलांना रोज सांगणारी मी, की ठरवलेलं तडीस न्यावं," असं त्या म्हणाल्या. त्या दोन दिवस गप्प होत्या.

मग मी त्यांना बँकेतली गोष्ट सांगितली. चुकीची नोंद लपवणारा कारकून आणि उलट नोंद करून खाली सही करणारा कारकून, यांत ऑडिटर कोणावर विश्वास ठेवतो? माझ्या नोकरीत मी उलट नोंदी कितीदा केल्या असतील. प्रत्येक वेळी कारण लिहिलं, तारीख घातली, सही केली. जानेवारीची यादी ही पहिली नोंद. तिच्यावर उलट नोंद करता येते. त्यासाठी आधीची खोडावी लागत नाही.

निर्णय: पाडव्याची यादी

२२ मार्चला पाडवा होता, शके १९४५ चा पहिला दिवस. बाईंनी त्या दिवशी नवी यादी लिहिली आणि जुनी का सोडली ते पहिल्या परिच्छेदात सरळ सांगितलं.

पंचांग उघडल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. जानेवारीत 'ऑगस्टपर्यंत' असं लिहिताना डोळ्यांसमोर २०२२ ची चवथ होती, ३१ ऑगस्टची. पण २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता आणि चवथ १९ सप्टेंबरला होती. म्हणजे आपल्या कामाचं वर्ष आम्ही चुकीच्या कॅलेंडरवर आखलं होतं. रानातली फळं धरतात पावसाच्या हिशेबाने, माणसं ती तोडायला निघतात चवथीच्या हिशेबाने, आणि आम्ही मोजत होतो सोमवार, बुधवार, शुक्रवार.

नवी यादी चैत्र ते भाद्रपद अशी लावली. माटोळीत बांधायचे बारा रानजिन्नस निवडले, प्रत्येकाला एक माणूस शोधायचा, जो तो स्वतः आणतो. त्याच्याबरोबर एकदा तरी रानात किंवा कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जायचं. वेल पाहायची, गोव्यातली नावं लिहायची, फळ कधी धरतं ते लिहायचं. लेख मराठीत, महिन्याला दोन, वर इंग्रजीत पाच-सहा ओळींचा सारांश. मोबदल्याच्या ठिकाणी फक्त इतकंच: मिळेल ते सगळं पॉवरमध्ये ठेवायचं, आकडा नाही. मत ज्याचं वाचलं त्यालाच. पिंप भरून वाहिलं तर वाहू द्यायचं.

हा शेवटचा मुद्दा लिहिताना बाई अडखळल्या होत्या. महिनाभराने म्हणाल्या, सकाळी भाजी करपत नाही आता.

मधला पेच: नाव आणि जागा

वैशाख ते आषाढ काम छान चाललं. केवणीच्या सालीची दोरी कशी काढतात ते बाईंनी एका वयस्क गृहस्थांकडून शिकून घेतलं. सहा जिन्नस झाले. मग सत्तरी तालुक्यातल्या एका आजींची गाठ पडली. पंचाहत्तरीच्या, दरवर्षी डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या. त्यांनी बाईंना एका व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी नेलं आणि कवंडळाची वेल दाखवली. झाडाच्या शेंड्यापर्यंत गेलेली, कितीतरी वर्षांची. बाईंनी लेख लिहिला तो आजींच्या प्रेमापोटी. त्यात त्यांचं नाव, वाडा, व्हाळाचं नाव, पुलापासून किती चालायचं, सगळं आलं.

तीन आठवड्यांनी आजींच्या मुलाचा फोन आला. शांतपणे बोलला, कोकणीत. म्हणाला, कोणीतरी तो लेख व्हॉट्सॲपवर फिरवलाय, शहरातून दोघे-तिघे गाडी घेऊन विचारत आले होते. आईला हे आवडलेलं नाही. तिचं चार पैशांचं साधन आहे ते. नाव आणि जागा काढा.

काढायचं कसं? ज्या पोस्टवर मतं पडली आहेत किंवा उत्तरं आली आहेत ती हाइव्हवर पुसता येत नाही. बदलता येते, पण बदल म्हणजे नवी नोंद. आधीचा मजकूर जुन्या ब्लॉकमध्ये तसाच राहतो आणि शोधणाऱ्याला तो सापडतो. ज्या गुणासाठी बाई तिथे आल्या होत्या, तोच गुण त्या संध्याकाळी समोर उभा होता.

इथे दोन वाटा होत्या. मजकूर बदलायचा आणि मुलाला 'काढलं' असं सांगायचं. सामान्य वाचकाला नवा मजकूरच दिसतो, त्यामुळे हे अर्धं खरं ठरलं असतं. किंवा सगळं आहे तसं सांगायचं. बाईंनी क्षणभरही पहिल्या वाटेचा विचार केला नाही, आणि याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. त्यांनी त्याच रात्री मजकूर बदलला, फोटो काढला, व्हॉट्सॲपवर जिथे जिथे लेख पोचला होता तिथल्या ओळखीच्यांना तो पुढे पाठवू नका असं कळवलं. रविवारी त्या आजींच्या घरी गेल्या, मीही बरोबर होते. पडवीत बसून त्यांनी आजींना सांगितलं, की दिसणारं काढलं आहे, पण मुळातलं कुठेतरी राहणार, ते माझ्या हातात नाही, आणि हे आधी सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही.

आजी ऐकून घेत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाय, तू लिहितेस हे मला ठाऊक होतं. शाळेच्या वहीत लिहितेस असं वाटलं मला." चहा दिला. वेलीबद्दल पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या दिवसापासून क्रम बदलला. आधी वही. वही माणसाला वाचून दाखवायची. नाव घालायचं का ते विचारायचं, आणि हे कायमचं राहील, मागे घेता येणार नाही, हे त्याच्या भाषेत सांगायचं. जागा कधीच लिहायची नाही, फक्त तालुका. मग पोस्ट.

निष्पत्ती

चवथीपर्यंत बारापैकी नऊ जिन्नस झाले. राहिलेल्या तिनांपैकी दोन ज्या उतारावर मिळत तिथे मार्चमध्ये आग गेली होती. नेणारे काका दोनदा घेऊन गेले, वेली काही सापडल्या नाहीत. तिसरा वेळेअभावी राहिला.

पोस्ट वर्षभरात ४९, १५६ नव्हेत. डिसेंबरअखेर हाइव्ह पॉवर २१४, म्हणजे बाई मिनो झाल्या नाहीत. वर्षभरात वाढलेल्या ९६ ची किंमत त्या वेळच्या भावाने अडीच-तीन हजार रुपये. सत्तरीच्या फेऱ्यांना त्याहून जास्त पेट्रोल लागलं, आणि ते पेट्रोल कुठल्याच करातून वजा होत नाही.

नऊ लेख एकत्र करून एकच मोठा लेख इंग्रजी अनुवादासकट टाकायचा बाईंचा बेत होता. तो एका पोस्टमध्ये मावेना. हाइव्हवर एका व्यवहाराला ६४ किलोबाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, इंग्रजीचं एक. काना, मात्रा, अनुस्वार, सगळी वेगवेगळी मोजली जातात. म्हणजे मराठीला त्याच जागेत तिसरा हिस्सा मिळतो. शेवटी मराठी एका पोस्टमध्ये आणि इंग्रजी दुसऱ्या, असं केलं. या वेळी तुकडे कुठे पाडायचे हे मजकुराने ठरवलं.

वाचक किती? हाइव्हवर मोजकेच. पण त्या नऊ लेखांचे छापील कागद चौथीच्या वर्गात गेले. चवथीच्या सुट्टीनंतर मुलांनी आपापल्या घरच्या माटोळीची यादी करून आणली. एका मुलीच्या यादीत आमच्या बारांत नसलेले चार जिन्नस होते, आजोबांना विचारून लिहिलेले.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारीत मी एकच प्रश्न विचारायला हवा होता: या यादीतलं कुठलं काम दुसऱ्या कोणी केलं तरी चालेल? मैदानाचे फोटो, दहा मतं, पॉवर अप, सगळी उत्तरं तिथे आली असती. उरली असती फक्त माटोळी, आणि तिलाच आकडा द्यायला हवा होता. बारा हा आकडा मार्चमध्ये सुचला, तो जानेवारीतही सुचू शकला असता. त्या अकरा आठवड्यांत आग लागण्याआधी सत्तरीत जाता आलं असतं. त्या दोन वेली तेव्हा उभ्या होत्या. हे मला अजून लागतं.

पॉवरचा आकडा मुळीच नको होता, असं मात्र मी म्हणणार नाही. एखाद्याला आपल्या भाषेतल्या नव्या लेखकांना जड मत द्यायचं असेल तर पॉवर वाढवणं हे चांगलं ध्येय आहे. तेव्हा ते वेगळ्या पैशाने, पूर्ण गेला तरी चालेल अशा पैशाने करावं, आणि लेखनाच्या ध्येयाशी त्याची गाठ मारू नये. बाईंच्या बाबतीत ती गाठ बसली आणि लेखाचे तुकडे पडले.

आजींच्या बाबतीत मात्र दुमत होईल असं मला वाटत नाही. तिथे चूकच झाली. न पुसल्या जाणाऱ्या जागी लिहिताना परवानगी ही पहिल्या ध्येयाच्याही आधी यायला हवी. खातं काढताना आम्ही बाईंच्या खात्याच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, कुठे ठेवायच्या यावर तासभर बोललो होतो, कारण मास्टर पासवर्ड हरवला तर तो परत काढून देणारं कार्यालय नाही. छापून, घडी घालून, रेशन कार्डाच्या डब्यात ठेवल्या. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्यासाठी मात्र पाच मिनिटंही बोललो नव्हतो.

२०२४ ची यादी बाईंनी जानेवारीत लिहिलीच नाही. ९ एप्रिलला पाडवा होता, त्या दिवशी लिहिली, तीन ओळींची, आणि हाइव्हवर टाकण्याआधी आठवडाभर वहीतच ठेवली. पहिली ओळ होती: 'आजींकडे जाणे. काही विचारायचं नाही.' त्या गेल्या, पावसाआधी एकदा आणि चवथीच्या आदल्या आठवड्यात एकदा. दुसऱ्या वेळी निघताना आजींनी आतून कांगलांचा एक घोस आणून त्यांच्या पिशवीत घातला. पैसे घेतले नाहीत. कुठून आणला ते सांगितलं नाही, आणि बाईंनी विचारलं नाही. तो घोस त्या वर्षी त्यांच्या माटोळीत उजव्या कोपऱ्यात होता, केवणीच्या दोरीने बांधलेला.